निरोगी गट, क्रमांक चौदा

आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू, म्हणाल्या डॉ. तहसीन,
कारण फॉर्मवर तू खरं लिहिलंस, गुणवंता:
अकरा वर्षं, जालना एमआयडीसी,
रोलिंग मिल, भट्टीच्या तोंडाशी.

दोन बाजूंनी दोन फोटो.
उजव्या डोळ्याच्या कडेला
मोहरीहून बारीक, पांढरा, निवांत एक ठिपका.

सहा वर्षं आम्ही तुझ्यात काहीतरी शोधत होतो.
मामांनी राजूरला नेलं, शेजारणीनं दर्ग्यातला धागा आणला,
आईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या,
तडतडल्या, धूर झाला,
दिसलं कुणालाच काही नाही.
आणि आता सापडलं ते हे: मिलचं लोखंड.
चुंबकानं ओढलं तर डोळा जाईल,
म्हणून यादीतून तुझंच नाव गेलं.
रुग्ण गट, क्रमांक नऊ. समोर लाल रेघ.

तू हसलास. कितीतरी दिवसांनी.
"म्हंजी हाये ना काहीतरी," म्हणालास.

माझी जागा मात्र राहिली.
जोडवी काढली, पोत काढली, केसांतला चाप,
निळ्या झग्यात थंडगार फळीवर आडवी झाले.
भालेराव म्हणाला, ताई, हलायचं नाही,
आवंढा गिळायचा तोही हळूच.
हातात रबरी फुगा दिला: भ्या वाटलं तर दाबा.

मग सुरू झालं.
आधी पत्र्यावर गारा,
मग बोअरची गाडी रात्रभर खडक फोडतीये तसं,
पाचशे फूट, सहाशे फूट,
वर येतीये नुसती भुकटी.
डोळ्यांपुढच्या आरशात चेहरे येत राहिले.
रागीट असला की डावं बटण,
शांत असला की उजवं.
आणि त्या धडधडीतून मध्येच
कुणीतरी स्वच्छ म्हणालं: प्रयागे.

मी कुठलंच बटण दाबलं नाही.
फुगाही नाही.
निरोगी गटानं हे कुठं लिहायचं,
फॉर्मवर तसा रकाना नव्हता.

एकट्या फोटोत आजार दिसत नाही हो, डॉक्टरबाई म्हणाल्या.
चाळीस मेंदू इकडचे, चाळीस तिकडचे,
एकावर एक रचायचे,
तेव्हा कुठं तिळाएवढा फरक. तोही सरासरीत.
मग याला उपयोग काय?
त्यांनी चष्मा पुसला. आज तरी नाही, म्हणाल्या.
खोटं बोलल्या नाहीत, म्हणून मला त्या आवडल्या.

सिडको स्टँडवरून बस निघाली.
तू माझी फिल्म खिडकीच्या उजेडात धरलीस.
"सीताफळ उकलल्यागत दिसतंय गं."
मग बराच वेळ बोट फिरवत राहिलास.
"यात मी कुठं हाये?"
मला काय ठाऊक. कपाळाच्या मागं कुठंतरी
उगीच नख ठेवलं.
तू तिथं अंगठा दाबलास. ठसा उमटला, तेलकट.

"आत काही ऐकू आलं का?"
"नाही रे. मशीन नुसतं."

तू फिल्म पाकिटात सरकवलीस,
बाहेर तुरीची रानं मागं जात होती.
"मलाबी पहिल्यांदा मशीनच वाटलं होतं," म्हणालास.

बदनापूरला बस दहा मिनिटं थांबते.
मी दुपारची गोळी काढली,
पाण्याची बाटली उघडून तुझ्या हातात दिली,
आणि तुझ्याआधी
एक घोट मीच घेतला.