एक पॉइंट चोवीस

क्लाक्सविकच्या बंदरात, शीतगृहामागच्या खोलीत
तो सर्व्हर नऊ वर्षं बंद पडलेला नाही,
म्हणूनच त्याला कुणी हात लावत नाही.

मार्यून नवा लॅपटॉप उघडते.
पहिल्याच हाकेला उत्तर येतं :
तुमचा क्लायंट फार नवा आहे.
मला एक पॉइंट चोवीसच्या पुढचं कळत नाही.

ती हसते.
इतकं सरळ या बेटावर कुणी कबूल करत नाही.

अपग्रेड करून टाक, म्हणतो राजधानीतला साहेब.
बाहेर कॉडच्या पेट्या काट्यावर चढतायत,
काट्याचा आकडा ह्याच खोलीतून जातो,
आकडा थांबला की बोटींचे पैसे थांबतात.
साहेबाला मासा ताटातला ठाऊक.

मग ती एकच ओळ लिहिते,
ह्या खिडकीपुरती :
बोलायची आवृत्ती, एक पॉइंट चोवीस.

थोड्या नव्या सोयी गेल्या. जाऊ देत.
कंटेनरांची यादी आली, सहाच्या सहा,
त्यातल्या एकाचं नाव ब्यार्ता.
बोट असेल, नाहीतर बायको.
नाव ठेवणारा हानुस आता डोंगरावर मेंढ्या राखतो.
तिनं फोन लावलाच.

"अजून चालतोय?"
"चालतोय. बोलतो तेवढा तुमच्या वेळचं."
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

निघताना ती सर्व्हरच्या झाकणावर चिठ्ठी डकवते :
ह्याच्याशी बोलण्याआधी आपला आकडा उतरवा.
खाली तारीख घालते,
सही राहून जाते.