डोरीन

पहिल्या सकाळी बर्नाडीनने हातात पुलास्की दिली:
एकीकडे कुऱ्हाड, दुसरीकडे कुदळ,
मागे दांडा धरून आम्ही
सहा जण, सोळा-सतरा वर्षांचे,
कॅस्केडच्या डोंगरात पाच आठवडे.

टीग दर तासाला फोन आभाळाकडे धरायचा,
नैवेद्य दाखवावा तसा.
तिसऱ्या दिवशी त्याने तो मोज्यात गुंडाळून
सॅकच्या तळाशी ठेवला.
वेन्स्ली दुसऱ्या आठवड्यात घरी गेला.
डास, म्हणाला. आम्ही मान डोलावली.
त्याचं हेल्मेट फांदीला टांगलेलंच राहिलं.

वितळलेल्या बर्फाने पायवाट खाल्ली होती,
एका वळणावर नुसती घळ.
बर्नाडीन म्हणाली, पाणी आळशी असतं.
त्याला सोपी वाट काढून द्या,
नाहीतर ते तुमची घेईल.
दिवसभरात एवढंच बोलायची ती,
बाकी वेळ शीळ.

वरच्या पायरीला दगड हवा होता.
सुनिवाला तो दिसला चाळीस पावलांवर,
मुळांच्या मिठीत, फ्रिजएवढा.
नाव ठेवलं डोरीन:
टीगच्या शाळेत कॅन्टीनला बसते ती बाई,
जिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही.

चार पहारी. चार दिवस.
इकाइका आजोबांच्या भाषेत आकडे म्हणायचा,
एकाही, एलुआ, एकोलू,
एकोलूला आम्ही जोर लावायचो.
पुढचे आकडे त्यालाही येत नव्हते.
डोरीन कधी वीतभर सरकायची,
कधी आमच्याकडे नुसती बघायची.
दुसऱ्या दिवशी ती मागे घसरली
आणि ओटिलीचं नख घेऊन गेली.
ओटिली रडली नाही.
रात्री तंबूत रडली, पण ते नखासाठी नव्हतं.
मी काही विचारलं नाही,
माझे कोरडे मोजे तिच्या उशाशी सरकवले.
कोरडे मोजे! तिथे तेवढ्यात जमीन विकत मिळाली असती.

घामाने निथळत, नारिंगी हेल्मेटं घालून
आम्ही मुरूम चोपत होतो तेव्हा
दोन काठ्यांवाला एक गृहस्थ थांबला.
काय गुन्हा केलात रे पोरांनो?
टीग म्हणाला, सफरचंदं चोरली.
सगळ्यात मोठ्याने मी हसले.
मग आठवलं, आई आत्ता याकिमात
पॅकिंगच्या पट्ट्यापाशी उभी असेल,
डागी फळ डावीकडे, बिनडागी उजवीकडे,
संध्याकाळपर्यंत.
माझा पहिला चेक तिच्याहून थोडाच कमी होता.
हे तिला सांगायचं की नाही
ते पाच आठवडे ठरत नव्हतं.

शेवटच्या दिवशी डोरीन बसली.
खाली खडीचा भराव, बाजूंना पाचरी,
बर्नाडीन तिच्यावर उभी राहून नाचली,
एकदाच, कुणी बघत नसल्यासारखी.

दुपारी एक म्हातारी एकटीच वर आली.
आम्ही झुडपांत दम धरून उभे.
ती थेट डोरीनवर टेकली,
बूट काढला, उलटा केला,
त्यातून चण्याएवढा खडा पडला.
तो तिने नीट उचलला,
लांब फेकला,
आणि गेली.
पायाखाली बघितलंही नाही.
सुनिवा हळूच म्हणाली, हलली नाही.
कोण, ते सांगावं लागलं नाही.

सप्टेंबर. गणिताच्या तासाला
तळहातावरचे घट्टे सोलून निघताहेत,
पापुद्रे मी वहीच्या शेवटच्या पानात ठेवते.
का, ते माहीत नाही.

काल रात्री अंगणातला नळ गळत होता,
आमच्या ट्रेलरच्या पायरीशी नेहमीचं डबकं.
फावडं घेतलं आणि तिरका चर काढला,
उताराला हलका, वीतभर खोल.
आई कामाचे बूट हातात घेऊन दारात आली.
हे काय चाललंय या वेळी?
पाणी हळूहळू वळलं, कुंपणाकडे निघालं.
ती बघत राहिली.
मग म्हणाली, तिकडे शेजारच्यांचं अंगण आहे.

मी परत फावडं उचललं.