जवारी

मिरजेत दुपारी तीनला वीज गेली,
बीकरमधली चुंबकी दांडी फिरायची थांबली
आणि तळाला संयुग बसू लागलं,
जुन्या पितळी नळावर चढतो
त्या कळकाच्या रंगाचं.

सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे दोन रेणू, मधे तांब्याचा एक आयन.
वहीत एवढंच.
शिकलगारमामांना सांगताना म्हणाले,
दोघांनी एकाला धरलंय.

मामा काचसामान धुतात.
आजा तलवारी पाजळायचा, चुलते तंबोरे करतात,
यांच्या वाट्याला परीक्षानळ्या.
"धातूनं औषधाला धार येती व्हय?"

येते. म्हणजे, कधी कधी.
घरी आईला मीच दटावते:
ही गोळी दुधाबरोबर नको, लोहाच्या गोळीबरोबर तर नकोच,
पोटात धातू तिला धरून बसतो,
रक्तात जाऊ देत नाही.
इथे मात्र धातूच तिला
जिवाणूच्या तेलकट पडद्यातून
आत घेऊन जातो.
असं आम्ही मानतो.

फ्रिजमध्ये वासराचा डीएनए, कापसाच्या पेळूसारखा.
विरघळायला अख्खी रात्र घेतो.
त्यात संयुग सोडलं, थेंब थेंब,
तर द्रावण बारीक नळीतून उतरायला
एकशे तेवीस सेकंद.
काल एकशे चार होते.
"मंजे?"
म्हणजे पायऱ्यांच्या मधे काहीतरी शिरलं, मामा,
जिना लांबला.

"जिना कशाला," मामा म्हणाले,
"तंबोऱ्याच्या घोडीवर तारंखाली सूत सरकवत्यात.
केसभर फुडं, केसभर मागं,
एका जागी जवारी लागती, तार बोलती.
तुजं सूत उलटं दिसतंय. तार गप करतंय."
मग हातातली नळी उजेडाकडे धरून:
"पर सुताला कळतं का,
तार कुणाची?
जंतूची, वासराची, का आपली?"

वहीत तसा रकाना नाही.

कालच्या चार प्लेटी उघडल्या.
तिघींत चकतीभोवती स्वच्छ खळं:
अठरा, बावीस, एकवीस मिलिमीटर.
चौथीत सिव्हिलमधून आलेला नमुना,
खाट अकरा, नाव नाही.
तिथे जिवाणू चकतीला खेटून उगवलेत,
दाट, ओलसर, निवांत.
पट्टी लावली. सहा.
सहा ही चकतीचीच रुंदी.
सहा म्हणजे शून्य.

वीज आली. दांडी आपसूक फिरू लागली.
मामांनी चारी प्लेटी उचलल्या,
उकळत्या वाफेत टाकायला,
चौथी जरा लांब धरून.