मुडावदच्या खाली

मे महिन्यात तापी नदी राहत नाही,
लांबच लांब किनारा होते.
पांझरा इथं येऊन मिळते,
म्हणजे तिची वाळू येऊन मिळते.
सहाला निघालो. पिशवीत कळण्याची भाकरी,
लसणाची चटणी, आधारनं दिलेली दुर्बीण,
तिच्या एका भिंगाला बुरशी.
पुढे सुपडू भोई, अनवाणी.
बूट घालून आल्याची मला अर्ध्या तासात लाज वाटली,
आणि नवानंतर वाटेनाशी झाली.

आधार, माझा भाऊ, ओमानला बंदरात क्रेन चालवतो.
सुट्टीला जीप घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो,
एका हाताला उघडं वाळवंट, एका हाताला समुद्र.
त्याच्या व्हिडिओत डॉल्फिन :
काळी पाठ, फूस, पुन्हा नुसतं पाणी.
वाऱ्याचाच आवाज जास्त. मध्येच तो ओरडतो,
"ताई, देख, देख!"
जशी काही मी जीपमध्येच बसलेय.

सुपडूनं मोबाइलवर हाताची सावली धरली,
तीनदा पाहिला.
"हाऊ मासा नही," म्हणाला, "दम ली राह्यना."
मी सांगितलं, हे आपलं पाणी सुरतेच्या पुढं
त्याच समुद्रात जातं.
"पोचनं तर," तो म्हणाला, आणि चालू लागला.

डांगरांचे वेल संपले तिथं सुरय उठले.
पिवळी चोच, काळी टोपी,
डोक्यावर येऊन येऊन शिव्या.
"पाय देखीसन टाक."
वाळूत तीन अंडी, वाळूच्याच रंगाची.
घरटं नाहीच, एका छातीचा ठसा फक्त.
ऊन चढलं तशी मादी गेली,
पोट भिजवून आली, अंड्यांवर उभी राहिली,
आणि पिसांतून ठिबकू दिलं.
सहा थेंब असतील. सात.

चार हातांवर ट्रॅक्टरच्या चाकांची नक्षी,
ओली होती तेव्हाची, आता भाजलेली.
रात्री दिवे बंद करून येतात.
सुपडू काही बोलला नाही.
बाभळीची वाळकी फांदी ओढत आणली,
चाकोरीत आडवी टाकली. मग दुसरी.
"मानूसले सांगीसन काय फायदा," म्हणाला,
"काटा टायरले समजस."

मग डोहाकाठी नुसतं बसणं.
दगड तापले, भाकरी पापडासारखी झाली,
एक पाणकावळा पंख वाळवून कंटाळून गेला.
"आते हालू नको."
मला आधी काहीच दिसेना.
मग शेवाळाच्या कडेला
मिरीच्या दाण्याएवढी दोन भोकं.
कासवाचं नाक.
फूस नाही, पाठ नाही,
एक बारीक वर्तुळ तेवढं पसरत गेलं
आणि आमच्या पायांशी येऊन संपलं.
"दम लीधा," सुपडू हळूच म्हणाला,
आणि त्यानं स्वतःचाही सोडला.

मी व्हिडिओ काढला होता. तीस सेकंद.
शिरपूर फाट्याला रेंज आली तेव्हा पाहिला :
हिरवट पाणी, झळांनी हलणारी पलीकडची दरड,
आणि कानाला लागेल इतका मोठा
माझाच श्वास.
तरी पाठवला.

आधारचं उत्तर रात्री आलं, पाळी सुटल्यावर.
"ताई, येम्हा काय शे?"

मी लिहिलं, देख.
परत देख.