डोळ्याचे दोन रुपये

मालक पुण्यात दोन दिवसांचं शिबिर करून आले
आणि म्हणाले, मॅडम, यापुढं चादर विकायची नाही,
गोष्ट विकायची.
चादर तिच्यामागून आपसूक जाते,
शेंगाचटणीमागून भाकरी जाते तशी.

महिना नऊ हजारांवर मी त्यांचं पान सांभाळते.
अशोक चौकाच्या मागं, गोदामाच्या माळ्यावर,
एक टेबल, एक पंखा.
खाली आठ माग असे वाजतात
की माझ्या कुठल्याही वाक्याला
त्यांचाच ठेका बसतो.

'ऊब, पिढ्यान्‌पिढ्यांची' असं लिहून पाहिलं.
चौदा लाइक,
त्यातले तीन मालकांच्या मेहुण्यांचे.

मग एका दुपारी लाइट गेली.
एवढी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती.
खाली उतरले तर दाराच्या उजेडात
राजमणी इरबत्ती मांडीवर चादर पसरून
मोराला डोळा शिवत बसलेली.

'पुठ्ठ्यात एक भोक पाडायचं राहिलंय की ओ,
तीन नंबरच्या मागाला.
तिथला मोर एका डोळ्यानं आंधळाच निघतो.
नवा पुठ्ठा म्हणजे खर्च. मी स्वस्त.
डोळ्याला दोन रुपये.'

मोराला ती नेमली म्हणते.
सुई दातात धरून तेलुगूत त्याला काहीतरी रागावते,
हलू नको, असं असेल.

मी फोन काढला. चाळीस सेकंद.
तिचे हात, हिरवा दोरा,
आणि तो अजून न दिसणारा मोर.
खाली एकच ओळ लिहिली,
कुठली ते सांगत नाही, आता ती लेबलावर छापली आहे.

अकरा लाख लोकांनी बघितलं.
नाशिकहून, नागपूरहून, न्यू जर्सीहून विचारणा आल्या,
आणि सगळ्यांना तसाच हवा होता,
डोळा न शिवलेला.
'अपुरा आहे म्हणून आपला वाटतो,'
एकीनं लिहिलं, पुढे तीन रडके चेहरे.

मालकांनी पेढे वाटले.
मग मास्तरांना बोलावून
उरलेल्या सात मागांच्या पुठ्ठ्यांवर
नेमक्या त्या भोकाला चिकटपट्टी लावली.
आता आठही मागांवर आंधळे मोर उतरतात,
एकसारखे, चुकून एखादा बघणारा निघाला
तर तो सेकंडच्या ढिगात जातो.
किंमत चारशेनं वाढली.

राजमणीला शिवायला काही उरलं नाही.
ती आता दशांना गाठी मारते, डझनावर.
'डोळ्याइतकं सुटत नाही,' एवढंच म्हणाली.

मी वर जाऊन मालकांना सांगितलं,
गोष्ट तिची होती, तिला काहीतरी द्या.
ते मनापासून म्हणाले, देऊ की,
पुढची गोष्ट तिच्यावरच करा ना,
मोराला डोळे देणारी बाई. भाग दोन.
आणि माळ्याचा जिना चढेपर्यंत
पहिलं वाक्य मला सुचलंही होतं.
चांगलं होतं. हीच तर पंचाईत.

परवा पुन्हा लाइट गेली.
परवानगी मागायला म्हणून मी तिच्याजवळ बसले
आणि भलतंच बोलत राहिले, उन्हाबद्दल,
पाणी चार दिवसांनी येतं त्याबद्दल.
तिनंच विचारलं,
'किती जणांनी बघितलं म्हणता?'
अकरा लाख.
ती गाठ अर्धी सोडून बोटांवर मोजू लागली.
मीही मनात मोजलं. दोन रुपयांनी बावीस लाख.
'बावीस,' मी म्हणाले.

ती हसली, दात दिसतील इतकं.
'माणसाला डोळे दोन असतात ओ मॅडम.
चव्वेचाळीस.'

पुढं आणखी काहीतरी म्हणाली ती.
तेवढ्यात लाइट आली, आठही माग सुरू झाले,
आणि मला तिचे फक्त ओठ हलताना दिसले.