टायरचा झोका

झोका मीच टांगला होता, ओकच्या आडव्या फांदीला,
ट्रॅक्टरचं जुनं टायर, गवताचे गठ्ठे बांधायची दोरी.
आयव्हर पाच वर्षांचा, मला एकोणिसावं लागलेलं.
पावसाचं पाणी टायरच्या पोटात साचायचं,
हिंदोळ्यासरशी डचमळायचं.
तो कान लावून म्हणायचा,
"सिग्ने, ह्याच्या पोटात गुडगुडतंय."

विस्कॉन्सिनच्या ह्या दऱ्यांमधले डास भर दुपारी चावतात.
ऑगस्टात तो माझ्या मांडीवर, दोघं एकाच झोक्यावर.
मला घोट्यावर सात, त्याला मानेवर दोन.
मी खाजवलं, शिव्या घातल्या,
एक दिवस डोकं जड होतं. संपलं.

नवव्या दिवशी त्याच्या हातातून चमचा पडला.
ओठाचा कोपरा उडायला लागला,
थांबेचना.
बाबांनी धारा अर्ध्यावर टाकून पिकअप काढली,
मागे गायी हंबरत राहिल्या.

ज्या शहराचं नाव ह्या विषाणूला दिलंय
त्याच शहरात, ला क्रॉसमध्ये, आमचं इस्पितळ.
डॉक्टर व्हांगनी दोघांचंही रक्त तपासलं.
"तुलाही झाला होता," त्या मला म्हणाल्या,
"तुझ्या डोक्यापर्यंत पोचला नाही, इतकंच."
का?
"वय."
मग एवढ्यानं भागत नाहीसं वाटून
जेवणाच्या ट्रेवरच्या कागदावर त्यांनी उंदीर काढला, वाईट काढला,
आणि सांगितलं:
तीन आठवड्यांचं पिल्लू दगावतं.
आणखी थोडे आठवडे वाढलेलं, तोच पिंजरा, तेवढाच विषाणू,
दाणे खात बसतं.
कोवळ्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची शिवण कच्ची असते,
शरीराचे राखणदार आरोळी उशिरा ठोकतात.
"बहुतेक," त्या म्हणाल्या. "सगळं अजून कळलेलं नाही."
त्या दिवसात कुणी बोललेला
तो एकच शब्द मला खरा वाटला.

रात्री खुर्चीत बसून मी त्या शिवणीचा विचार केला.
त्याच सैल टाक्यांमधून असतील आत गेलेले
सगळ्या बेडकांचे आवाज, पत्त्यांचे डाव,
आजोबांच्या नॉर्वेजियन शिव्या, एकदाच ऐकून.
मला आता एक फोन नंबर पाठ होत नाही.
माझी शिवण पक्की.
हे शास्त्र नाही म्हणत. मी म्हणते.

तो घरी आला. सकाळ-संध्याकाळ औषध,
आणि काही शब्द जागेवर नाहीत.
बेडूक आहे. पत्ते आहेत. झोका नाही.
बाबा करवत घेऊन फांदीखाली उभे राहिले
तेव्हा तो इतका रडला की ते परत फिरले.
मग मी ड्रिल आणलं, टायरला खालून चार भोकं पाडली.
काळं पाणी आलं, वळवळतं,
माझ्या बुटांवर.

आज तो त्यात बसला, हिंदोळा घेतला,
कान लावला.
"सिग्ने, ह्याचं... ह्याच्या..."
थेरपिस्टनं सांगितलंय, शब्द पुरवू नका,
वीसपर्यंत मोजा.
अकरा.
बारा.