सर्व्हिस रिपोर्ट

कॅनॉलच्या कडेच्या चौकीत चार कॅमेरे आहेत.
दारावर एक, हवालदाराच्या टेबलावर एक,
तीन नंबर मागच्या खोलीत,
आणि चौथा नुसतं खोकं, आत काही नाही.
तोही मीच बसवला. बजेट तीनचंच होतं.
गंमत म्हणजे त्याच्याखालून जाताना
सगळे शर्ट नीट करतात.

तपकीर गल्लीतून वायर आणतो मी, सोळा वर्षं झाली.
कॅमेरा का गेला ते मला बघायच्या आधी कळतं :
पाल शिरली, अडॅप्टर जळाला, उंदरानं केबल खाल्ली.
त्या मंगळवारी पाल नव्हती, उंदीर नव्हता,
डीव्हीआर मांजरासारखा गुरगुरत होता.
मी लॉग उघडला.
रात्री अकरा चाळीसला कोणीतरी मेनूत गेलं,
पासवर्ड टाकला,
तीन नंबर बंद.
पहाटे चार दहाला चालू.
पासवर्ड कॅलेंडरखाली भिंतीवर लिहिलाय, खडूनं.
सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे कोणालाच नाही.

"लिही तांबोळी," साहेब म्हणाले, "तांत्रिक बिघाड."
चहा आला. कटिंग नाही, पूर्ण कप.
मी लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं.


पोराचं नाव फौजदार होतं. फौजदार काळे.
ससूनच्या मागच्या गेटला, बॉडीसाठी थांबतात तिथे,
त्याची आई कोणालातरी सांगत होती,
"म्हटलं, नावाला तरी घाबरतील."
सिग्नलला लिंबू-मिरच्या विकायचा.
एका बंगल्यातून गॅसची टाकी गेली
आणि चौकीला यांच्या पालांची वाट पाठ आहे,
अंधारातसुद्धा.
डायरीत नोंद आहे : चौकशीसाठी आणला,
बाथरूममध्ये पाय घसरला.
मागच्या खोलीला बाथरूम नाही.
त्या भिंतींना मी ड्रिल मारलंय.


गंजपेठेत सभा झाली. पन्नासेक माणसं.
माइक शिट्टी मारत होता, मी उठून नीट केला
आणि परत मागे बसलो.
डंबाळे वकीलबाई बोलल्या :
उचलणार हेच, मारणार हेच, तपासही हेच करणार?
एक पोरगा म्हणाला, चौकीच कशाला,
तेवढ्या पैशात वस्तीला नळ द्या.
म्हातारे एक गृहस्थ उठले : आणि चोर आले तर?
फौजदारची आई बसूनच म्हणाली,
"आमच्याकडे चोर कधी आले नाहीत, बाबा.
रात्रीचे आले ते हेच."
टाळ्या पडल्या नाहीत. एक खुर्ची सरकली फक्त.

मला एवढंच सांगायचं होतं,
की रेकॉर्डिंगची किल्ली त्यांच्याकडे नको.
ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात नजरेचं बटण,
असं कुठल्या कंपनीच्या मॅन्युअलात नाही.
सांगितलं नाही.
अकरा चौक्यांचं काम आहे माझ्याकडे.
मुलीची दुसरी टर्म भरायचीय.


रिपोर्टच्या तीन प्रती निघतात.
पांढरी चौकीला, पिवळी वरच्या ऑफिसला,
गुलाबी माझी.
गुलाबीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेत
दोन आकडे : ११.४०, ४.१०.
पेन्सिल, कारण पेन्सिल खोडता येते.
महिनाभर पाकिटात आहे, घडीवर फाटत चाललीय.
वकीलबाईंचा नंबर त्याच्याच शेजारी.

काल रात्री मोबाइल वाजला. ॲपचा मेसेज :
कॅमेरा तीन, ऑफलाइन.
अकरा पन्नास झाले होते.
चौकीत फोन लावला. विचारलं, काय झालं?
"काही नाही रे, बिघाड. सकाळी ये निवांत."
मी विचारलं, आत कोण आहे?
पलीकडे कोणी हसलं, मग फोन ठेवला.

बायको म्हणाली, आत्ता कुठे?
मी पाकीट चाचपलं.
स्कूटर पहिल्या किकला कधीच चालू होत नाही.